फोटो अर्धेच चढतात, सगळं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये (एकतर सगळं नोंदलं जाईल, नाहीतर काहीच नाही) कसं बसवायचं?

कोकणकोडर: सर्व्हेचं ॲप आहे, एक फॉर्म, पाचसहा फोटो आणि सही, सगळं वेगवेगळ्या रिक्वेस्टने जातं आणि घाटात रेंज गेली की पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये फॉर्म असतो पण फोटो दोनच. पहिल्या रिक्वेस्टला बिगिन (ट्रान्झॅक्शन सुरू) करून शेवटच्याला कमिट (पक्कं) केलं तर चालेल का?

जुनाडीबीए: अजिबात नको. फोन गायब झाला की डेटाबेसचं कनेक्शन तसंच अडकून राहणार, ओळींवरचे लॉक सुटत नाहीत, व्हॅक्यूमलाही (पोस्टग्रेसची साफसफाई) जुन्या ओळी साफ करता येत नाहीत. तुकडे आधी स्टेजिंग (तात्पुरत्या) टेबलात घे, आयडी फोनवरच बनव (यूयूआयडी, म्हणजे सहसा कुठेच पुन्हा न येणारा लांब आयडी), आणि शेवटी एक 'झालं' अशी रिक्वेस्ट, तेव्हा संख्या नि चेकसम (फाइल जशीच्या तशी आली का ते दाखवणारा आकडा) जुळले तरच एका छोट्या ट्रान्झॅक्शनमध्ये मेन टेबलात हलव.

कोकणकोडर: आणि कमिट झालं पण उत्तर फोनपर्यंत पोचलंच नाही तर? तो परत पाठवणार ना

जुनाडीबीए: पाठवू दे की, आयडी तोच, त्यावर युनिक की (तोच आयडी दोनदा नाही) आणि 'ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग' (आधीच असेल तर काही करू नको), दुसऱ्यांदाही 'झालं' असंच उत्तर दे.

चहाबाज: फोटो एसथ्रीवर (ॲमेझॉनची फायली साठवायची सेवा) असतील तर रोलबॅकने (ट्रान्झॅक्शन रद्द करून) ते पुसले जात नाहीत हां, हे सगळे विसरतात. फॉर्मशिवाय उरलेल्या अनाथ फायली पुसायला रात्रीचा क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारं काम) लागतोच.