चिरलेला टोमॅटो ताटातच राहतो, चूक जिभेची की फळाची?

आमसूल
सँडविचमधली टोमॅटोची चकती ओढून काढणारी, पण सार मात्र दोन वाट्या पिणारी माणसं घरोघरी असतात. त्यांना 'नखरे' म्हणून गप्प केलं जातं. माझं मत उलट आहे. त्यांची जीभ शाबूत आहे, बाजारातलं फळच फिकं आहे.

टोमॅटोची चव म्हणजे साखर, आम्ल आणि वास. चांगल्या फळाचा ब्रिक्स (रसातल्या गोडीचं माप) 5-6 असतो, मंडईतल्या हायब्रिडचा बहुतेकदा 4 च्या आसपास. शिजवताना पाणी आटतं, वर मीठ, तिखट, गूळ पडतो आणि फिकेपणा लपतो. चकतीला लपायला जागाच नाही.

मुळात बियाण्यातच गोम आहे. जुन्या वाणांच्या हिरव्या फळाला देठाजवळ गडद हिरवा खांदा असायचा. फळ सगळीकडून एकसारखं लाल व्हावं म्हणून पैदासकारांनी तो घालवला. 2012 साली 'सायन्स' नियतकालिकात त्यामागचं जनुक प्रसिद्ध झालं: कच्च्या फळात हरितद्रव्य वाढवणारं हे जनुक या वाणांत निकामी झालेलं असतं. त्यामुळे फळ स्वतः साखर कमी बनवतं. त्यात भर जाड सालीची आणि अर्धवट पिकलेलं फळ तोडण्याची. दिसायला लाल, आत पाणी.

ठिबक
बियाण्याबद्दल थोडं मान्य, तोडणीबद्दल अजिबात नाही.

नारायणगाव किंवा पिंपळगावहून माल दिल्लीला जातो तेव्हा तो हजार किलोमीटरच्या वर प्रवास करतो, तोही 20 किलोच्या क्रेटमध्ये, एकावर एक थप्पी लावून. पूर्ण लाल फळ भरलं तर खालच्या क्रेटांचा रस्सा होतो. म्हणून लांबच्या मालासाठी टोकाला नुकती गुलाबी छटा आल्यावर तोडतात. या अवस्थेत फळाची वाढ पूर्ण झालेली असते, इथिलीन, म्हणजे फळ पिकवणारा वायू, आतून सुरू झालेलं असतं. 20-25 अंशांत ते व्यवस्थित पिकतं, वेलीवर पिकलेल्यापेक्षा चवीत उणं-दुणं असलं तरी थोडंच.

घोटाळा होतो तो भाव वर असताना, छटा येण्याआधीच तोडलेल्या हिरव्या मालात. बाहेरून तयार फळ आणि कोवळं फळ सारखंच दिसतं. ओळखायचं असेल तर आडवं कापा. बिया गरात निसटून सुरीखालून सरकल्या तर फळ तयार. बियाच कापल्या गेल्या तर कोवळं. असं फळ पुढे लाल होईल, चव येणार नाही. ग्राहक शिव्या देतो ते बहुधा याच फळाला.

आणि जाड साल काही शौक म्हणून आलेली नाही. लिलावात आकार, रंग, कडकपणा बघतात. गोडी कोण मोजतं? नाशकात द्राक्षाच्या बागेत व्यापारी रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येतो, टोमॅटोच्या लिलावात तो दिसतो का? ज्याचे पैसे मिळत नाहीत ते शेतकरी का पिकवेल?

फोडणीचं_पळीपात्र
दोघेही फळात अडकलात. टोमॅटो कितीही गोड असला तरी काहींना तो न शिजवलेला नकोच असतो, आणि त्याला कारण आहे.

सुरी लागली की पेशी फुटतात आणि त्यातली विकरं (एन्झाइम) स्निग्ध पदार्थांवर काम करून काही क्षणांत हिरवट, गवतासारखा वास तयार करतात. उकळल्यावर विकरं मरतात, तो वास उडून जातो आणि गंधकयुक्त, सारासारखा वास पुढे येतो. म्हणजे सार आवडणं आणि चकती न आवडणं यात विसंगती काहीच नाही, नाकाला ते दोन वेगळे पदार्थ आहेत.

दुसरी अडचण बियांभोवतीच्या बुळबुळीत गराची. घास घेतला की वर करकरीत साल, मध्ये रवाळ मांस, आत शेंबडासारखा गर (माफ करा, पण नावडणारे हाच शब्द वापरतात). गंमत अशी की आम्ल आणि ग्लुटामेट, म्हणजे खरी रुची, मांसापेक्षा त्या गरातच जास्त. हॉटेलं बिया काढून फक्त मांस वापरतात आणि मग कोशिंबीर बेचव लागते.

उपाय: अर्धा किलो टोमॅटो मोठे चिरून पाऊण चहाचा चमचा मीठ लावा, चाळणीत 15 मिनिटं ठेवा, खाली पातेलं. गळलेलं पाणी फेकू नका, सारात घाला. टोमॅटोवर चिमूटभर साखर, दाण्याचं कूट, वरून हिंग-जिऱ्याची फोडणी. वासाची बरीच द्रव्यं तेलात विरघळतात, म्हणून फोडणी ही सजावट नाही. दही घालायचंच तर वाढताना, आधी घातलंत तर ताक होईल.

आमसूल
फोडणी पटली. पण मीठ, साखर, कूट, हिंग घालून मगच चव येत असेल तर माझाच मुद्दा सिद्ध झाला ना! काकडीला एवढा सरंजाम लागत नाही. गावठी टोमॅटो नुसत्या मिठावर खाता येतो.

ठिबक
गावठीचं स्तोम पुरे. चपटा, खाचांचा गावठी टोमॅटो मुख्यतः आंबट असतो, सारासाठी उत्तम. गोड असतोच असं नाही. साल पातळ, पाऊस पडला की तडकतो, दोन दिवसांत मऊ. गोडच हवा तर चेरी टोमॅटो घ्या, ब्रिक्स 7-8 सहज मिळतो, कारण फळ लहान आणि पाणी कमी. झाडाची पानं जेवढी साखर बनवतात तेवढीच फळांत वाटली जाणार. एकरी टनेज वाढवत नेलं की प्रत्येक फळाच्या वाट्याला कमीच येणार.

'पाणी तोडा, गोडी वाढेल' असा सल्लाही लगेच येतो, म्हणून आधीच सांगतो. ताण दिला की ब्रिक्स वाढतो हे खरं, पण फळ बारीक राहतं, कॅल्शियम पोचत नाही आणि बुडाला काळा डाग पडतो. ताणानंतर एकदम पाणी दिलं की फळ तडकतं. हे नुकसान कोण भरून देणार?

जीएम_नको
सरळ सांगा ना, हे जीएम, म्हणजे जनुकीय बदल केलेले टोमॅटो आहेत. त्यामुळेच महिनाभर सडत नाहीत.

ठिबक
नाहीत. भारतात जीएम टोमॅटोच्या लागवडीला परवानगीच नाही. हायब्रिड म्हणजे दोन वाणांचा साधा संकर. टिकाऊपणा नेहमीच्या पैदाशीतूनही येतो. बंगळुरूच्या आयआयएचआर या बागायती संशोधन संस्थेचा अर्का रक्षक हा वाण बघा, कडक फळ आणि तीन रोगांना प्रतिकार, तोही संकरच.

फोडणीचं_पळीपात्र
सगळ्यात मोठा गुन्हेगार कोणी घेतलाच नाही: घरचा फ्रिज. फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये दाखवलं की पिकलेली फळं 5 अंशांत आठवडाभर ठेवली की वास बनवणारी जनुकं मंदावतात आणि बाहेर काढल्यावरही पूर्ववत होत नाहीत. साखर-आम्ल जवळपास तेवढंच राहतं, वास जातो. आपल्याकडे टोमॅटोचे ट्रक बहुतेक बिनथंडीचे. म्हणजे हे नुकसान शेतात नाही, वाटेत नाही, आपल्याच स्वयंपाकघरात होतं.

वऱ्हाडी_ठेचा
पुण्यात बसून हे सोपं आहे. मे महिन्यात अकोल्यात ओट्यावर ठेवलेला टोमॅटो दोन दिवसांत पिचतो. शिवाय 30 अंशांच्या वर लाल रंगद्रव्य नीट तयारच होत नाही, पिवळट-नारिंगी राहतो. म्हणजे बाहेर ठेवून पिकवणंही जमत नाही. आमच्याकडे फ्रिज हा गुन्हा नाही, इलाज आहे. 'फ्रिज नको' हा नियम देताना कोणत्या गावासाठी तेही लिहा.

फोडणीचं_पळीपात्र
रास्त. मग असं करा: अर्धवट पिकलेला कधीच आत नको, पिकणं तिथेच अडकतं. पूर्ण लाल झालेला दोन-तीन दिवसांपुरता, मागच्या थंड कप्प्यात नको, दारात ठेवा. जेवणाच्या दोन तास आधी बाहेर काढा, थंड पदार्थाची गोडी जिभेला कमी जाणवते. बाहेर ठेवाल ते एका थरात, देठाची खूण खाली करून, कारण ओलावा मुख्यतः तिथूनच जातो. विदर्भाच्या कोरड्या हवेत टोपलीवर ओलं फडकं काम करतं, कोकणात त्याने बुरशी येईल.

आमसूल
म्हणजे घेताना बिया सुरीने तपासायच्या, घरी देठ खाली करायचा, दोन तास आधी काढायचा, मीठ लावायचं, फोडणी द्यायची. एवढं करण्यापेक्षा लोक चकती काढून टाकतात, त्यांना मी अजूनही दोष देणार नाही.

ठिबक
देऊ नका. पण मंडईत 'कडक दे, चार दिवस टिकला पाहिजे' म्हणून दाबून दाबून निवडणारेही तेच असतात. एकदा लाल आणि किंचित नरम माल चढ्या भावाने मागून बघा. जवळच्या गावातला शेतकरी संध्याकाळी तोडून सकाळी आणून देईल.