जबड्याचं मॉडेल पायऱ्या-पायऱ्यांचं का येतंय?

दाढदुखी: ओरल सर्जरीचं शेवटचं वर्ष. सीटी स्कॅनवरून खालच्या जबड्याचं मॉडेल थ्री-डी प्रिंटरवर छापून त्यावर हाडाला लावायची धातूची प्लेट ऑपरेशनआधीच वाकवून ठेवायची आहे. थ्री-डी स्लायसरमध्ये (स्कॅनमधून अवयव वेगळे काढायचं सॉफ्टवेअर) थ्रेशोल्ड लावला (ठरावीक उजळपणाच्या वरचं सगळं हाड धरायचं), तर हनुवटीवर घाटाच्या पायऱ्या. शिवाय खालचे दात वरच्यांना चिकटलेत आणि सांध्यापाशी कवटीही जोडून येतेय! दोन रात्री खोडरबर फिरवतेय.

जुनाखोड: स्कॅनचे स्लाइस (काप) किती मिमी जाडीचे?

दाढदुखी: ३. पिक्सेल ०.४.

जुनाखोड: मग पायऱ्या येणारच. मार्चिंग क्यूब्ज (पृष्ठभाग बनवायची १९८७ची पद्धत, तिचीच रूपं अजून चालतात) शेजारच्या व्हॉक्सेलमधून (स्कॅनचे छोटे त्रिमितीय ठोकळे) त्रिकोण काढते. व्हॉक्सेलच विटेसारखा लांबुळका असेल तर ती बिचारी काय करणार? स्मूदिंगने गुळगुळीत दिसेल, पण प्लेट बसेलच असं नाही. आजच सीटीच्या टेक्निशियनला गाठ, कच्चा डेटा मशीनवर असेल तर पातळ स्लाइस पुन्हा काढून मागव. तो डेटा काही दिवसांत पुसला जातो.

चिकटलेल्या भागासाठी खोडरबर सोड. तीन सेगमेंट (वेगळे भाग) कर: जबडा, कवटी, बाकीचं. तिन्ही प्रतलांत चार-चार फराटे मार आणि ‘ग्रो फ्रॉम सीड्स’ चालव (ते फराट्यांपासून भाग वाढवत सीमा स्वतः शोधतं). चुकेल तिथेच आणखी एक फराटा.

हाडवैद्य: पुढच्या पेशंटला स्कॅनच्या वेळी दातांत कापसाची गुंडाळी धरायला सांगा. निम्मं काम तिथेच वाचतं.

दाढदुखी: डेटा होता! ०.६२५ मिमीचे आले. सांधा सहा फराट्यांत सुटला. चांदी भरलेल्या दाढेभोवती धातूमुळे स्कॅनमध्ये उमटलेले काटे मात्र हातानेच काढतेय.