विषय: पर्वतीच्या किती पायऱ्या?

मंडळी, नमस्कार.

डिसेंबरात तीन आठवडे पुण्याला चाललोय. कोथरूडला धाकटी बहीण असते, दोन वर्षं तिच्या अंगात त्राण नाही. डॉक्टरांनी आता क्रॉनिक फटीग सिंड्रोम म्हटलंय. घरच्यांचं एकच म्हणणं: पडून पडून शरीर गंजलंय, रोज सकाळी पर्वतीला ने. मीही तयार आहे. किती पायऱ्यांपासून सुरुवात करावी? कुणाला अनुभव?

मंदार

---

मंदार,

एकही पायरी नको.

मी सध्या पुण्यातच आहे, लेकीपाशी. तिलाही हाच आजार. तीन वर्षांपूर्वी मीच हट्टाने तिला तळजाईला फिरायला नेलं. चालताना छान गप्पा मारत होती, घरी येऊन जेवलीही नीट. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिच्याने हातात कंगवा धरवेना. पुढचे सहा आठवडे अंथरुणात गेले. ते मला अजून विसरता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

या आजारात श्रमाचा त्रास बऱ्याचदा लगेच होत नाही. १२ ते ४८ तासांनी उफाळतो, आणि केलेल्या श्रमाच्या मानाने कितीतरी जास्त असतो. म्हणून चालून आल्यावर 'बघ, जमलं की!' असं म्हणू नकोस.

'शरीर गंजलंय' याचं उत्तर दोन दिवसांच्या सायकल चाचणीत आहे. तोंडाला मास्क लावून दमेपर्यंत सायकल चालवायची, ऑक्सिजन किती वापरला ते मोजायचं, आणि २४ तासांनी पुन्हा तेच. व्यायामाची सवय नसलेली निरोगी माणसंही दुसऱ्या दिवशी जवळपास तेवढंच करतात. या रुग्णांच्या गटात मात्र दुसऱ्या दिवशी आकडे घसरलेले दिसतात, विशेषतः स्नायूंना ऑक्सिजन अपुरा पडू लागतो त्या टप्प्यावरचे. आता सांग, एका रात्रीत कुणाचं शरीर गंजतं का? पण घरच्यांना पटवायला म्हणून तिची ही चाचणी करू नका, त्या चाचणीनेच ती कोसळू शकते.

ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी २०२४ मध्ये श्रमानंतर असाच त्रास होणाऱ्या २५ लाँग कोविड (कोविड होऊन गेल्यावरही महिनोन्महिने टिकणारा त्रास) रुग्णांच्या मांडीच्या स्नायूचे तुकडे सायकलिंगच्या आधी आणि नंतर तपासले. व्यायामानंतर स्नायूंची इजा वाढलेली होती, पेशींची ऊर्जा बनवण्याची क्षमता घटली होती. लाँग कोविड वेगळा खरा, पण हे लक्षण तेच.

डॉक्टरांसाठी उपचारांच्या शिफारसी ठरवणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००७ मध्ये या आजारात टप्प्याटप्प्याने व्यायाम वाढवण्याचा सल्ला दिला होता. २०२१ मध्ये तो काढून टाकला. आपल्याकडे मात्र अजून 'जरा हालचाल कर, बरं वाटेल' चालूच आहे. बोलणाऱ्याच्या मनात माया असते, मलाही होती.

तू जाशील तेव्हा तिचं काम कमी कर. आंघोळीला बसायला स्टूल आण, भाजी चिरून ठेव, भेटायला येणाऱ्यांना आवर. बरं वाटतंय त्या दिवशीही तिने थोडी ताकद शिल्लक ठेवूनच थांबायला हवं. हे फार अवघड असतं, तिथे तू तिची बाजू घे.

सुनंदाकाकू

---

काकू,

काल तिला फोन करून विचारलं, 'गणपतीत पाहुणे येऊन गेल्यावर तिसऱ्या दिवशी कशी होतीस?' बराच वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, 'दादा, हे आजवर कुणी विचारलंच नव्हतं.'

आईला तुमची मेल वाचून दाखवलीय. ते स्टूल लक्ष्मी रोडला मिळेल का, की इथूनच आणू?

मंदार