हिरड्याचा अर्क: ई. कोलायवर झोन येत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. एम.एस्सी.च्या प्रोजेक्टसाठी बाळहिरड्याच्या अर्कावर काम करतेय. माल जुन्नर भागातला आहे. तिथली महादेव कोळी कुटुंबं हिरडा गोळा करून, वाळवून विकतात, त्यामुळे भेसळीची शंका नाही.

अडचण प्रयोगात आहे. अगार वेल पद्धतीत (जिवाणू पसरलेल्या अगारच्या प्लेटमध्ये छोटी विहीर पाडून तिच्यात अर्क घालतात) स्टॅफिलोकोकस ऑरियसच्या प्लेटवर विहिरीभोवती स्वच्छ, गोल झोन, म्हणजे जिवाणू न वाढलेली जागा, मिळतो, ई. कोलायच्या प्लेटवर मात्र विहिरीच्या कडेपर्यंत दाट वाढ. ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंचं बाहेरचं आवरण हे कारण असू शकतं, हे मान्य. पण हिरड्यात टॅनिन (तुरट द्रव्यं) भरपूर, आणि त्यांचे मोठे रेणू अगारमधून नीट पसरत नाहीत. मग "झोन नाही म्हणजे परिणाम नाही" असं कसं लिहू? माझ्या मते ते चुकीचं ठरेल.

म्हणून ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनने (द्रव माध्यमात अर्क टप्प्याटप्प्याने पातळ करत) एमआयसी, म्हणजे जिवाणूंची वाढ रोखणारं किमान प्रमाण, काढायचं ठरवलंय. तिथे रेसाझुरिन (जिवंत जिवाणूंमुळे रंग बदलणारं रंगद्रव्य) वापरलं तर अर्कातली टॅनिनसारखी पॉलिफेनॉल्सच त्याचा रंग पालटतील अशी धास्ती आहे. नुसता अर्क आणि रेसाझुरिन, जिवाणू न घालता, असा कंट्रोल पुरेल का? की प्रत्येक वेलमधून (खळग्यातून) थेंब प्लेटवर टाकून कॉलनीच बघाव्यात?

आणखी एक. अँटिऑक्सिडंट चाचणीत डीपीपीएचचा जांभळा रंग झटकन पिवळा पडतो, पण अर्क मुळातच तपकिरी असल्याने 517 नॅनोमीटरला स्वतःच प्रकाश शोषतो. प्रत्येक कॉन्सन्ट्रेशनचा वेगळा ब्लँक (डीपीपीएच न घातलेल्या अर्काचं रीडिंग) वजा करता का तुम्ही?

हिरडा, बेहडा किंवा खैरावर काम केलेल्यांनी कृपया सविस्तर सांगा.