मदत हवी आहे : एकाच भागातल्या तीन कथांसाठी नावं

मंडळी, परळी-अंबाजोगाई भागात घडणाऱ्या तीन कथा लिहितोय. पहिली 1948 च्या, निजामाच्या हैदराबाद संस्थानावरच्या पोलिस ॲक्शनच्या वेळची, दुसरी 1972 च्या दुष्काळातली, तिसरी आजची. माणसं वेगळी, पण नावं सुचतात ती फिरून तीच. आपल्याकडं देवावरून, संतांवरून नाव ठेवायची रीतच आहे : परळीचा वैजनाथ, औंढ्याचा नागनाथ, कपिलधारचा मन्मथ, माहूरच्या रेणुकेवरून रेणुकादास. गावात एका गल्लीत चार वैजनाथ असले तरी अडत नाही. एक काळा वैजू, एक मास्तराचा वैजू. कथेत मात्र दुसऱ्यांदा वैजनाथ आला की वाचक विचारणार, हा तोच का? त्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची चाल, म्हणजे शंका अजून पक्की.

बरं, वेगळं म्हणून काहीही ठेवता येत नाही. दुष्काळी कामावर खडी फोडणारी बाई 'सुनयना' कशी असेल?

तर सांगा, वेगवेगळ्या कथांत एकच नाव टोपणनावाच्या आधारानं चालवावं का? आणि घरात जुनी माणसं असतील तर आजीच्या मैत्रिणींची नावं विचारून कळवा. गयाबाई, केवळबाई, सोजरबाई एवढी माझ्याकडं आहेत. मुस्लिम बायकांची त्या काळातली नावं तर फारच कमी सापडली, तीही हवीत. फक्त पहिली नावं द्या, आडनावं नकोत; छापली की कुणीतरी भांडायला येतंच.