शब्दचर्चा : युरोपचं ‘स्वबळ’, अमेरिकेचं ‘पाठबळ’ आणि मधली ‘कुमक’

प्रश्न

एका मासिकासाठी युरोपच्या संरक्षणावर लेख लिहितेय. अमेरिकेने हात काढून घेतला तर नाटोतले बाकीचे देश स्वतःचं रक्षण करू शकतील का, हा विषय. पहिल्याच वाक्याला अडले आहे. ‘युरोप स्वबळावर लढू शकेल का?’ असं लिहिलं, तर संपादकांनी ‘स्वबळा’खाली रेघ ओढली. ‘स्वसंरक्षण’ म्हटलं तर एकट्यादुकट्याच्या बचावाची गोष्ट वाटते. शिवाय ‘मदत’, ‘कुमक’, ‘पाठबळ’, ‘हमी’, ‘आश्वासन’ हे शब्द मी मनाला येईल तसे फिरवून वापरतेय. जाणकारांनी सांगावं.

प्रतिसाद

संपादकांची रेघ रास्त आहे. ‘स्वबळ’ हा शब्द आपल्याकडे निवडणुकांनी पक्का करून टाकलाय. ‘स्वबळाचा नारा’ म्हटलं की युती तोडून एकट्याने लढणं, हाच अर्थ वाचकाच्या मनात येतो. इथे युती मोडायचा प्रश्नच नाही. नाटोचे ३२ सदस्य आहेत. अमेरिका आणि कॅनडा वगळले तरी ३० युरोपीय देश उरतात आणि ते एकमेकांना बांधलेले राहतात.

नाटो ज्यावर उभी आहे त्या १९४९ च्या वॉशिंग्टन कराराचं पाचवं कलम (एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा) सगळ्यांना पाठ असतं, तिसऱ्याकडे कुणी फिरकत नाही. सदस्य देश स्वतःच्या प्रयत्नाने आणि परस्परांच्या साहाय्याने हल्ला परतवण्याची आपली ताकद, एकेकट्याची आणि सामूहिक, राखतील व वाढवतील, असं ते कलम सांगतं. स्वतः उभं राहणं आणि एकमेकांना धरून राहणं मूळ मजकुरातच जोडीने आलंय. म्हणून मी ‘आपापल्या आणि एकमेकांच्या बळावर’ असं लिहीन. लांब आहे, पण खरं आहे.

फिनलंडकडे पाहा. लोकसंख्या सुमारे ५५ लाख, रशियाशी सीमा १,३४० किलोमीटरची. २०२३ पर्यंत हा देश नाटोत नव्हता, तरी सक्तीची लष्करी सेवा आणि राखीव दल सांभाळून युद्धकाळात २,८०,००० सैनिक उभे करायची तयारी त्याने ठेवलेली होती. ‘स्वसंरक्षण’ हा शब्द युरोपात कुणाला शोभत असेल तर त्यांना. पण त्याच फिनलंडने २०२१ मध्ये ६४ एफ-३५ लढाऊ विमानं घ्यायचं ठरवलं. ती अमेरिकी आहेत. सुटे भाग, दुरुस्ती, संगणकप्रणाली, सगळ्याचा धागा समुद्रापलीकडे. त्यामुळे ‘स्वयंपूर्ण’ हा शब्द मात्र लेखात कुठेच वापरू नका. फिनलंडही तसा नाही.

प्रतिसाद

वरच्या मताशी सहमत. ‘कुमक’ आणि ‘पाठबळ’ यांतला फरक सांगतो, कारण सगळा घोळ तिथेच होतो.

कुमक म्हणजे लढाई पेटल्यावर येणारं जादा सैन्य. किल्ल्याला वेढा पडला, कुमक आली, वेढा उठला. शब्द मूळचा तुर्की, फारसीतून आपल्याकडे आला. पाठबळ आधीपासून मागे उभं असतं, प्रत्यक्ष लढाईत उतरेलच असं नाही. अमेरिकेची युरोपातली भूमिका सांगताना लोक सैनिकांची संख्या मोजतात, म्हणजे कुमक मोजतात. माणसं युरोपकडेही आहेत. जर्मनीने तर लिथुएनियात कायमस्वरूपी ब्रिगेड (काही हजार सैनिकांचं दल) ठेवायला घेतली आहे.

कमतरता तिसऱ्याच ठिकाणी आहे. तिला आपल्याकडे दोन जुने, नेमके शब्द आहेत : रसद आणि टेहळणी.

नाटोची २०११ ची लिबियातली हवाई मोहीम घ्या. ब्रिटन आणि फ्रान्स पुढे होते, अमेरिकेने मुद्दाम मागे राहायचं ठरवलं होतं. समोर लिबियाचा हुकूमशहा गद्दाफीचं मोडकळीला आलेलं सैन्य. तरी विमानांना हवेत इंधन भरून देणाऱ्या टँकर विमानांचा मोठा भाग अमेरिकेचा होता. लढाऊ विमान तळावरून उडतं, समुद्र ओलांडतं, लक्ष्यावर घिरट्या घालतं. वाटेत टँकर भेटला नाही तर बॉम्ब न टाकताच परत फिरावं लागतं. इटलीतलं हवाई मोहिमेचं केंद्र दिवसाला ३०० हून अधिक उड्डाणं हाताळायला उभारलेलं होतं, पण १५० च्या आसपास उड्डाणं करतानाच त्याची दमछाक झाली. लक्ष्यं निवडणारे तज्ज्ञ अमेरिकेतून आणावे लागले. अकरा आठवड्यांत बऱ्याच देशांचा दारूगोळा संपत आला. हे सगळं अमेरिकेचे तेव्हाचे संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांनी जून २०११ मध्ये ब्रुसेल्समध्ये भर सभेत सुनावलं.

त्यानंतर युरोप स्वस्थ बसला, असं लिहू नका. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हन इथे काही देशांनी मिळून टँकर विमानांचा सामायिक ताफा उभारलाय आणि विमानं एअरबसची आहेत. फ्रान्स-इटलीची सॅम्प-टी ही हवाई संरक्षणाची स्वतःची प्रणाली आहे. नाटोच्या २०२५ च्या हेग परिषदेत २०३५ पर्यंत देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपी) ५ टक्के संरक्षण खर्चाचं ठरलं, त्यातले साडेतीन टक्के थेट लष्करावर. आकडा मोठा आहे. पण उपग्रह, टँकर आणि क्षेपणास्त्रांचे कारखाने पैसे मंजूर झाल्याच्या दुसऱ्या दिवशी उभे राहत नाहीत, हे लेखात ठासून यायला हवं.

टेहळणीचं महत्त्व युक्रेनने दाखवलं. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेने युक्रेनला मिळणारी शस्त्रं आणि गुप्त माहिती दोन्ही थांबवली. जेमतेम आठवडाभरात ती पुन्हा सुरू झाली, पण तेवढ्यात युरोपच्या राजधान्यांना जे कळायचं ते कळलं.

प्रश्नकर्ती

‘रसद आणि टेहळणी’ फारच उपयोगी. आता ‘हमी’ आणि ‘आश्वासन’? पाचव्या कलमाला काय म्हणू?

प्रतिसाद

ताई, या दोन शब्दांवर युक्रेनने किती मोठी किंमत मोजली आहे ते पाहा. ५ डिसेंबर १९९४ ला बुडापेस्टमध्ये युक्रेन, रशिया, अमेरिका आणि ब्रिटन यांनी युक्रेनच्या सुरक्षेविषयीच्या ज्ञापनावर (मेमोरँडम) सह्या केल्या. युक्रेनने आपल्या भूमीवरची सोव्हिएत अण्वस्त्रं सोडली आणि १९९६ पर्यंत ती रशियात गेली. इंग्रजी मजकुरात शब्द आला ‘अॅश्युरन्स’, म्हणजे आश्वासन. युक्रेनी आणि रशियन मजकुरात त्याच जागी ‘गारंटी’, म्हणजे हमी. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला तेव्हा युक्रेनचे लोक हमी मागत होते आणि समोरचे आश्वासनाकडे बोट दाखवत होते.

मराठीत हा फरक रोजच्या वापरातला आहे. ‘पाहतो, करतो’ म्हणणारा आश्वासन देतो. कर्जाला हमीदार राहिलेल्याला मात्र कर्जदाराने हात वर केले की स्वतःच्या खिशातून भरावं लागतं. जिथे भरपाईची जबाबदारी लेखी आहे, तिथेच ‘हमी’ लिहा.

पाचवं कलम या दोहोंच्या मध्ये बसतं. एकावरचा सशस्त्र हल्ला सर्वांवरचा मानला जाईल, हे ठाम आहे. पण पुढे प्रत्येक देश ‘त्याला आवश्यक वाटेल ती’ कृती करेल, त्यात सशस्त्र बळाचा वापरही आला, असं म्हटलंय. सैन्य पाठवलंच पाहिजे, असं कुठेही नाही. गंमत नाही, खरंच सांगतो : युरोपीय संघाच्या कराराचं ४२ वं कलम, उपकलम ७, शब्दांनी अधिक कडक आहे. तिथे ‘आपल्या हाती असलेल्या सर्व साधनांनिशी’ साहाय्य करण्याचं बंधन आहे. पॅरिसवरच्या हल्ल्यानंतर फ्रान्सने नोव्हेंबर २०१५ मध्ये ते वापरलंही. पण त्याच्या मागे नाटोसारखी सेनापती-मुख्यालयांची साखळी नाही. नाटोचं कलम शब्दांनी सैल असूनही त्याचा धाक आहे, तो त्या साखळीमुळे. आणि साखळीच्या टोकाला १९५१ मध्ये अमेरिकी सेनानी आयझेनहॉवर बसले तेव्हापासून आजवर नाटोचा युरोपातला प्रत्येक सरसेनापती अमेरिकी आहे.

म्हणून पाचव्या कलमाला मी ‘सामूहिक संरक्षणाचं वचन’ म्हणेन.

प्रतिसाद

‘तैनाती फौज’ का नको? आयता मराठी शब्द आहे. संरक्षण दुसऱ्याचं, परावलंबन आपलं.

प्रतिसाद

नको, अजिबात नको. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी पराभव केल्यावर दुसरे बाजीराव इंग्रजांकडे गेले आणि ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. सहा हजारांची कंपनीची फौज कायमची आली, तिच्या खर्चासाठी २६ लाख उत्पन्नाचा मुलूख द्यावा लागला आणि परराज्यांशी बोलणी कंपनीला विचारल्याशिवाय करायची नाहीत, हे कबूल करावं लागलं. तो अधिकार गेला, हाच तैनाती फौजेचा गाभा. १९६६ मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांनी देशाला नाटोच्या एकत्रित लष्करी रचनेतून बाहेर काढलं आणि परदेशी तळ हटवायला सांगितले. तळ हलले. फ्रान्स २००९ मध्ये स्वतःहून परतला. तैनाती फौजेला ‘आता निघा’ म्हणायची सोय पेशव्यांना नव्हती. परावलंबन दोन्हीकडे असेल, पण दोन्हींना एकच शब्द लावला तर वसईचं दुःखही पातळ होतं आणि युरोपचा प्रश्नही चुकीचा मांडला जातो.

प्रश्नकर्ती

पटलं. शेवटचं एक, ‘आण्विक छत्र’ चालेल ना?

प्रतिसाद

चालेल, रूढ आहे : अण्वस्त्रांच्या धाकाने मित्रदेशांना मिळणारं संरक्षण. फक्त कोणाचं छत्र ते प्रत्येक वेळी लिहा. फ्रान्सची अण्वस्त्रं, पाणबुड्या, क्षेपणास्त्रं आणि ती डागायचा निर्णय, सगळं फ्रान्सचं. ब्रिटनची अण्वस्फोटकं (वॉरहेड) आणि निर्णय ब्रिटनचे, पण ती वाहून नेणारी पाणबुड्यांवरची ट्रायडंट क्षेपणास्त्रं अमेरिकेबरोबरच्या सामायिक साठ्यातली, आणि त्यांची देखभाल अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या किंग्ज बे तळावर होते. ‘युरोपचं आण्विक छत्र’ असं मोघम लिहिलंत तर हा फरक बुजतो.

लेखाचं पहिलं वाक्य मी असं करीन : ‘अमेरिकेचं पाठबळ नसताना युरोपीय मित्रराष्ट्रं आपापल्या आणि एकमेकांच्या बळावर हल्ला परतवू शकतील का?’ ‘दोस्त राष्ट्रं’ टाळा, तो शब्द दुसऱ्या महायुद्धाला चिकटलेला आहे. आणि उत्तर माझ्या मते असं : माणसं आणि पैसा यांच्या जोरावर हो. रसद आणि टेहळणी यांत आज नाही, आणि ती उणीव भरून निघायला अनेक वर्षं लागतील.