डच वैमानिक आणि समुद्र
काही जण म्हणतात की दुसऱ्या महायुद्धात जर्मनीपुढे हॉलंड पाच दिवसात पडलं म्हणजे डच वैमानिकांचं युद्ध तिथेच संपलं, पण हे अजिबात पटत नाही. मे १९४० मध्ये डच नौदलाच्या वैमानिकांनी आपली फॉकर सीप्लेन्स (पाण्यावर उतरणारी विमानं) घेऊन इंग्लंड गाठलं आणि १ जूनला वेल्समधल्या पेम्ब्रोक डॉकला रॉयल एअर फोर्सची (ब्रिटिश हवाई दलाची) ३२० स्क्वाड्रन, म्हणजे डच वैमानिकांची तुकडी, उभी राहिली, पुढे स्कॉटलंडमधल्या ल्यूकर्सहून हडसन विमानांतून नॉर्थ सी वर गस्त, नॉर्वेच्या किनाऱ्यालगत जर्मन जहाजांवर हल्ले, आणि त्या थंडगार पाण्यात विमान कोसळलं तर जिवंत सापडायची आशा फार कमी. कित्येक क्रू परतलेच नाहीत, ना अवशेष ना थडगं, आणि घरचे लोक जर्मनव्याप्त हॉलंडमध्ये, त्यांना धड बातमी तरी कशी मिळणार? मला हे सगळ्यात जास्त लागतं.

अजून एक, आपल्याकडे हे जवळपास कुणाला माहीत नसतं: डचांच्या ताब्यातलं जावा बेट जपान्यांच्या हाती पडल्यावर निसटलेल्या डच लोकांची ३२१ स्क्वाड्रन १९४२ मध्ये श्रीलंकेत त्रिंकोमालीजवळ चायना बेला उभी राहिली आणि कॅटलिना या पाण्यावर उतरणाऱ्या विमानांनी हिंदी महासागरात पाणबुड्या शोधत फिरायची. बॉम्बर पायलट्सबद्दल भरपूर लिहिलं जातं, तासन्‌तास नुसत्या पाण्यावर नजर ठेवणाऱ्या या पोरांबद्दलही लिहायला हवं.